जात्याशेजारचा रेकॉर्डर

मी हातकणंगले तालुक्यात शाळेत शिकवत होते, तेव्हापासून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. निवृत्तीनंतर हे काम वाढलं. आधी कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता, आता खिशात मावणारा डिजिटल रेकॉर्डर आहे. एकावरून दुसऱ्यावर येताना बराच वेळ गेला, थोडे पैसे गेले आणि काही रेकॉर्डिंगही गेलं. गावोगाव असं काम करणारी माणसं आहेत. कुणी भजनी मंडळ रेकॉर्ड करतं, कुणी घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

टेपरेकॉर्डर आडवा, हँडलवाला होता. त्यानं मला खूप वर्षं साथ दिली. साठच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते. जोंधळा दळता दळता बायकांना भावाची, माहेराची ओवी लागावी आणि तेवढ्यात खट्ट करून बटण वर यावं, हे नेहमीचंच. कॅसेट उलटी करून घालेपर्यंत दोन-तीन ओव्या निघून जायच्या. परत म्हणा म्हटलं तर त्या म्हणायच्या, पण ती पहिली लय यायची नाही.

दुसरा त्रास आवाजाच्या पातळीचा. त्या यंत्रात पातळी आपोआप ठरायची. बाई गात असली की ठीक. ती श्वास घ्यायला थांबली, की यंत्राला वाटायचं आवाज कमी झाला, मग ते स्वतःच वाढवायचं. कोंबड्या, पंखा, रस्त्यावरची एसटी, सगळं एकदम अंगावर यायचं. पुन्हा ओवी सुरू झाली की सगळं दबायचं. माझ्या बहुतेक जुन्या कॅसेटमध्ये ही वरखाली आहे आणि ती आता काढता येत नाही.

शेवटी आतला रबरी पट्टा सैल झाला. ओवी कधी जड, कधी पातळ ऐकू येऊ लागली. इचलकरंजीच्या एका कारागिरानं पट्टा बदलून दिला, पण पट्टन कोडोलीच्या यात्रेत यंत्रानं पुन्हा मान टाकली. विठ्ठल-बिरदेवाच्या त्या यात्रेत भंडारा इतका उधळतात की माणसं, छत्र्या, ढोल, सगळं पिवळं होतं. हळदीची ती बारीक पूड कॅसेटच्या कप्प्यातून आत गेली. घरी येऊन उघडलं तर हेडवर, चाकांवर पिवळा थर. स्पिरिटनं पुसलं, तरी आवाज दबका तो दबकाच राहिला. शिवाय कोऱ्या कॅसेट मिळेनाशा झाल्या होत्या. एका दुकानात जुना साठा मिळाला, त्यातल्या काहींची फीत आतच चिकटलेली होती. आता दुसरं काहीतरी घ्यायला हवं, हे तेव्हा पक्कं झालं.

सगळ्यांनी सांगितलं, फोन आहे की. मी फोनवर करून बघितलं. बोलणं छान येतं. पण फोन बोलण्यासाठी केलेला आहे, एकसारखा चालणारा आवाज त्याला नको असतो. माझ्या फोननं जात्याची घरघर नको असलेला आवाज धरून दाबून टाकली. दाबली तीही नीट नाही. गाण्याच्या शब्दांबरोबर थोडी घरघर यायची आणि शब्द संपला की नाहीशी व्हायची. जातं मधेच थांबतंय असं वाटायचं. वेगळं ॲप घालून, फोन विमानाच्या मोडवर टाकून केलं तेव्हा बरंच सुधारलं. ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांनी तसं जरूर करावं. मला मात्र तो माझाच रोजचा फोन होता. विमानाच्या मोडवर टाकला की घरच्यांना मी सापडत नसे, आणि जागा भरत आली की काय पुसायचं हा प्रश्न पडे.

मग ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांच्या कचेरीतला छोटा रेकॉर्डर दिला. बैठकांची टिपणं काढायला वापरतात तसला. शिरटीच्या एका मावशींकडे तो नेला. त्या आणि त्यांची जाऊ दोघी जात्याला बसल्या. मी घरी येऊन ऐकलं, तर प्रत्येक ओवीचा पहिला शब्द तुटलेला. त्या यंत्रात आवाज आला की सुरू आणि शांत झालं की बंद, अशी सोय होती आणि ती चालू होती. बैठकीत ती उपयोगाची असेल. ओवीत दोन ओळींच्या मधली शांतताही लागते. ती सोय बंद करून पुन्हा घेतलं. शब्द पूर्ण आले, पण फाइल एमपी-थ्रीची, तीही अगदी घट्ट दाबलेली. दोघींचे आवाज एकमेकींत मिसळून गेले होते. कोण धरते आणि कोण झेलते ते कळेना.

ते कळणं मला का हवं, हे सांगायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यातल्या पुष्कळ आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या) संग्रहात शब्दांबरोबर आवाजातही ऐकायला मिळतात. त्या ऐकल्यावर माझी वहीत ओव्या लिहून घेण्याची समजूतच बदलली. बाई कुठे श्वास घेते, कोणता शब्द ओढते, दुसरी कुठे येऊन मिळते, हे वहीत येत नाही. यंत्र घ्यायचं ते यासाठी, हे डोक्यात पक्कं झाल्यावर निवड जरा सोपी झाली.

पुण्याला भाच्याकडे गेले तेव्हा त्याच्याबरोबर तपकीर गल्लीत चक्कर मारली. वायरी, माइक, कॅमेरे, स्पीकर, सगळं आहे. रेकॉर्डर म्हटलं की बहुतेक दुकानदार पेनासारखे, लपवून ठेवायचे रेकॉर्डर दाखवायचे. एकानं तर हळूच विचारलं, “कोर्टाचं काम आहे का, मॅडम?” मी म्हटलं, “जात्यावरच्या ओव्यांचं आहे.” त्यानं सरळ सांगितलं की माझ्याकडे तसलं काही नाही, वाद्यांच्या दुकानात बघा. हा सल्ला खरा निघाला. संगीताचं सामान विकणाऱ्यांना हे यंत्र माहीत असतं.

त्या रात्री भाच्यानं मला समोर बसवलं आणि विचारलं, “आत्या, तू नेमकं कुठं बसून रेकॉर्ड करतेस ते सांग. यंत्राचं नंतर बघू.” मी सांगत गेले, तो लिहीत गेला. शेणानं सारवलेली किंवा फरशीची खोली. दोन बायका समोरासमोर, मधे जातं. वीज असेल-नसेल. मी एकटी, मदतीला कुणी नाही. चष्मा लावूनही बारीक अक्षरं दिसत नाहीत. बायकांना यंत्र दिसलं की त्या आवाज चोरतात. आणि घरी कॅसेटचा ढीग, तोही कधीतरी डिजिटल करायचा आहे.

यातून काय हवं ते निघालं. सेल बदलता येणारे हवेत, तेही गावच्या दुकानात मिळणारे. आवाजाची पातळी हातानं ठरवता यायला हवी. फाइल न दाबलेली, म्हणजे वेव्ह हवी. बाहेरचा माइक किंवा टेपची वायर लावायला भोक हवं. पैशाची मर्यादा मी पंधरा हजारांची घातली होती.

त्याच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मित्रांकडून दोन यंत्रं काही दिवसांसाठी मिळाली. एक झूमचं एच-१एन, दुसरं टॅस्कमचं डीआर-०५एक्स. दोन्ही चोवीस बिट आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंत वेव्ह फाइल करतात. कागदावर बघितलं तर माझ्यासारखीला फरक कळणार नाही. जात्याशेजारी ठेवल्यावर कळला.

झूमचे दोन माइक एकमेकांना काटकोनात, पुढच्या बाजूला रोखलेले असतात. समोरून येणारा आवाज ते नेमका पकडतात, डावं-उजवं छान कळतं. कीर्तन समोर बसून घ्यायचं असेल तर मी तेच घेतलं असतं. त्याच्या तोंडावर पातळीचं मोठं गोल चाक आहे, तेही मला फार आवडलं. टॅस्कमचे माइक सगळीकडून ऐकणारे आहेत. दोन बायका समोरासमोर बसल्या आणि यंत्र मधे कडेला ठेवलं, तर दोघी सारख्या येतात. यंत्र कुणाकडे रोखायचं हा प्रश्नच राहत नाही. असे माइक वाऱ्याला आणि हाताच्या धक्क्याला थोडे कमी बिचकतात. खोलीतला बाकीचा आवाजही मात्र ते घेतात, म्हणून यंत्र जवळ ठेवावं लागतं. जवळ ठेवायला माझी हरकत नव्हती.

सेलनं शेवटचा निर्णय केला. झूमला रिमोटमधले बारके सेल लागतात, टॅस्कमला भिंतीवरच्या घड्याळाचे पेन्सिल सेल. घड्याळाचे सेल आमच्याकडे अगदी वाडीवरच्या दुकानातही मिळतात. मी टॅस्कम घेतलं. त्यात पातळी बटणं दाबून ठरवावी लागते आणि पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत. त्याला उपाय म्हणून भाच्यानं सगळं एकदा लावून दिलं आणि मला लागणारी बटणं कोणत्या क्रमानं दाबायची ते कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ते कार्ड आजही पिशवीत असतं.

२०२४ साली झूमचं एच-१ इसेन्शियल हे नवं यंत्र आलं. ते बत्तीस बिट फ्लोट पद्धतीनं रेकॉर्ड करतं, म्हणजे पातळी आधी ठरवावीच लागत नाही. ढोल अचानक वाजला आणि आवाज फाटल्यासारखा वाटला, तरी नंतर संगणकावर कमी केला की बराचसा सावरतो. यात्रेसाठी ही सोय खरोखर मोलाची आहे. शिवाय बटणांवर हाताला लागणाऱ्या खुणा आहेत आणि यंत्र बोलून सांगतं, त्यामुळे ज्यांना दिसत नाही त्यांनाही ते वापरता येतं. माझ्या माहितीतल्या एका अंध भजनी बुवांना मी तेच सुचवलं. पण त्या फाइल मोठ्या होतात आणि जुन्या फोनवर, जुन्या संगणकावर त्या सरळ वाजतीलच असं नाही. माझ्या ओव्या ऐकून उतरवून घेणारी मुलगी जुन्याच फोनवर ऐकते. मी आहे तेच ठेवलं.

यंत्र आलं, आणि खरा फटका मेमरी कार्डानं दिला. एका दुकानातून बत्तीस जीबीचं कार्ड घेतलं. वेष्टन व्यवस्थित, नाव मोठ्या कंपनीचं. सुरुवातीची रेकॉर्डिंग उत्तम आली. मग एका मोठ्या बैठकीत रामाच्या वनवासाच्या, सीतेच्या सलग ओव्या मिळाल्या. गाणाऱ्या काकी सहसा गायला तयार होत नाहीत. त्या दिवशी त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, घर आनंदात होतं, आणि त्या गातच राहिल्या. घरी येऊन बघितलं तर फाइलींची नावं दिसत होती, आत काही नव्हतं. भाच्यानं ते कार्ड एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं तपासलं. कार्डावर बत्तीस लिहिलं होतं, आत जागा त्याच्या पाव हिश्शाइतकीही नव्हती. तेवढी भरली की पुढचं सगळं हवेत. दुकानदारानं पैसे परत दिले, पण ओव्यांचं काय. त्या काकींना हे सांगायचं धाडस मला कितीतरी दिवस झालं नाही. सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आता न्हाई जमायचं गं बाई तसं.” पुढे त्यांनी काही ओव्या पुन्हा दिल्या, सगळ्या नाहीत.

नवं कार्ड घेतलं की ते आधी पूर्ण भरून तपासायचं, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. त्याला काही तास लागतात. संगणकावर लावून झोपी जावं. तपासून झालं की रेकॉर्डरमध्ये घालून, रेकॉर्डरमधूनच फॉरमॅट करावं.

सेलचंही एक सांगते. मी दोनदोनाच्या जोड्या करून रिचार्जचे सेल वापरते, गावच्या दुकानातले अडीअडचणीला. रिचार्जचा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा दीडचा. यंत्रात कोणत्या जातीचे सेल घातले ते मेनूत सांगावं लागतं. नाही सांगितलं तर भरलेले सेलही अर्धे दिसतात आणि उगाच घाबरायला होतं. रेकॉर्डिंग चालू असताना सेल काढायचे नाहीत. आधी थांबवायचं, फाइल बंद होऊ द्यायची, मग काढायचे. नाहीतर फाइल उघडत नाही.

जात्याजवळ यंत्र कुठे ठेवावं हे मला बायकांनीच शिकवलं. जमिनीवर ठेवलं की जात्याचा हादरा फरशीतून चढतो आणि नुसती घुमघुम भरते. एका आजीनं आपणहून वाकळ आणून दिली. “ह्याच्यावर ठिव. जातं हलतंय तर त्येबी हलंल की.” तेव्हापासून पाटावर घडी घातलेली वाकळ आणि तिच्यावर यंत्र. दोघींच्या तोंडापासून हातभर अंतर, जात्यापासून त्याहून थोडं जास्त, खुंट्याच्या फेऱ्यात न येईल असं. कमी कंपनांचा आवाज गाळणारी एक सोय असते, ती मी घरात बंद ठेवते, कारण मला जातं हवं आहे. अंगणात वारा असेल तर ८० हर्ट्झवर चालू करते आणि माइकवर केसाळ टोपी घालते. साध्या स्पंजनं आमच्या माळावरचा वारा थांबत नाही.

पातळी ठरवायला मी आधी एक-दोन ओव्या नुसत्या म्हणायला सांगते. सर्वांत मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास यावा, शून्याला कधीच लागू नये. म्हणताना बायकांचा आवाज हळूहळू चढतो, तेवढी जागा ठेवायची. मग चालू केलं की मी पडद्याकडे बघत नाही. मी बघत राहिले तर त्याही तिकडेच बघतात. अर्धा तास झाला तरी खट्ट होत नाही. पहिल्यांदा सलग दळण संपेपर्यंतच्या ओव्या एका दमात मिळाल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, हे माझं नेहमीचं माप. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांची आयएएसए नावाची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या टेप डिजिटल करताना कमीत कमी एवढं माप ठेवायला सांगते. यात तासाला साधारण एक जीबी जागा लागते. ९६ वर नेलं की जागा दुप्पट लागते आणि ओवीत मला त्याचा फायदा ऐकू आला नाही.

नवं यंत्र घेऊन पुन्हा पट्टन कोडोलीला गेले, तेव्हा ते पातळ मलमलीच्या कापडात गुंडाळून, वर गाठ मारून नेलं. भंडारा आत गेला नाही आणि आवाजही फारसा दबला नाही. ढोल आणि कैताळ सुरू झाले की पातळी अगदी खाली आणावी लागते. मी ढोलांपासून दूर, धनगरी ओव्या म्हणणाऱ्यांच्या मागे उभी राहते. धनगरांच्या या लांबलचक ओव्या गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं महाराष्ट्रात फिरून टेपवर घेतल्या होत्या. ते १९९२ साली वारले. त्यांनी मिळवलेल्या ओव्यांवरून ॲन फेल्डहाउस यांचं इंग्रजी पुस्तक २०१४ साली आलं. म्हणजे घेणारा गेल्यावरही वीस-बावीस वर्षांनी कुणीतरी त्यावर काम करू शकलं. हे वाचल्यापासून मी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, कोण म्हणतंय हे बोलते आणि बाईंकडून “व्हय, घ्या आणि ऐकवा लोकास्नी” अशी परवानगी त्यांच्याच तोंडून घेते. कागद हरवतो, आवाजातलं फाइलीबरोबर राहतं. घरी आले की त्याच रात्री संगणकावर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर एकेक प्रत करते. दोन्हीकडून फाइल वाजवून बघेपर्यंत कार्ड पुसत नाही.

आता कॅसेटचा ढीग चालू आहे. त्यासाठी ओळखीतून एक बऱ्या स्थितीतला टेप डेक मिळाला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसते, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घेते, मग डेकची वायर रेकॉर्डरला. साठची कॅसेट व्हायला साठ मिनिटं लागतातच, घाई करता येत नाही. ज्यांच्या गाणाऱ्या बायका हयात आहेत त्या कॅसेट मी आधी घेते आहे, कारण न कळलेला शब्द त्यांना जाऊन विचारता येतो. परवाच एका जुन्या ओवीतला शब्द मी वर्षानुवर्षं चुकीचा ऐकत होते असं म्हणणाऱ्या आजीनंच सांगितलं. डेकचा पट्टाही आता सैल वाटतो आहे. कोल्हापुरात एका दुरुस्तीवाल्याकडे त्या मापाचे पट्टे मिळतात असं कळलं, दोन मागवून ठेवले आहेत.